जांभळ्या चिंधीचा सम्राट : प्रोकोपियसचे बंड आणि गादीचे साक्षीदार (इ. स. ३६५-३६६)

इ. स. ३६५, सप्टेंबरची २८ तारीख. कॉन्स्टँटिनोपलमध्ये अनास्तासियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नानगृहांत दोन सैन्यतुकड्यांचा मुक्काम पडला होता. थ्रेसकडे निघालेल्या या तुकड्या शहरात फक्त दोन दिवस थांबणार होत्या. सकाळ होताच त्यांच्यासमोर चाळिशीचा, उंच, सावळ्या रंगाचा, मान खाली घालून चालणारा एक माणूस आणून उभा केला गेला. सम्राटाला शोभेल असा जांभळा झगा शोधूनही मिळाला नव्हता, म्हणून त्याच्या अंगात राजवाड्यातल्या सेवकासारखा सोनेरी भरतकामाचा अंगरखा होता. कमरेखालचा वेश राजवाड्यातल्या पोरसवदा हुजऱ्यांचा, पायात जांभळे जोडे, एका हातात भाला आणि डाव्या हातात जांभळ्या कापडाचा एक तुकडा. अम्मियानुस मार्सेलिनुस या इतिहासकाराने हे ध्यान असे काही रंगवले आहे की नाटकातले एखादे सोंग पडद्याआडून अचानक पुढे यावे. चेहरा तर इतका पांढराफटक, की पाताळातून उठून आलेला वाटावा.

हाच प्रोकोपियस. त्या सकाळपासून आठ महिने तो रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाचा सम्राट म्हणवून घेत होता आणि २७ मे ३६६ रोजी त्याचे डोके उडवले गेले. (सहाव्या शतकात जस्टिनियनच्या युद्धांचा इतिहास लिहिणारा प्रोकोपियस तो वेगळा; दोघांमध्ये जवळपास दोनशे वर्षांचे अंतर आहे.) उत्तर-रोमन काळातल्या यादवी युद्धांत याहून कितीतरी मोठी आणि रक्तबंबाळ प्रकरणे आहेत. ३५१ साली मुर्सा येथे झालेल्या एकाच लढाईत जेवढी माणसे पडली, तेवढी या सबंध बंडात पडली नसावीत. तरी अभ्यासासाठी हे छोटे प्रकरण निवडण्याचे कारण असे, की ‘सम्राट कोण?’ हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांना विचारला गेला आणि त्यांनी दिलेली उत्तरे, बरीचशी तपशिलासह, आपल्यापर्यंत पोचली आहेत. ती उत्तरे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्या काळात गादीचा हक्क रक्तात किंवा कायद्यात जेवढा होता त्याहून अधिक तो साक्षीदारांत होता, आणि प्रोकोपियस व पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स यांचे युद्ध हे मुळात दोन साक्षींमधले युद्ध होते.

दोन दावे

रोमन साम्राज्यात वारसाहक्काचा लेखी कायदा कधीच नव्हता. सैन्याने जयघोष करायचा, सिनेटने मान डोलवायची, प्रजेने मूर्ती आणि नाणी स्वीकारायची, आणि आधीचा सम्राट हयात असेल तर त्याने नव्याला सहकारी म्हणून मान्यता द्यायची, एवढाच रिवाज. मात्र कॉन्स्टँटाइनला ३०६ साली यॉर्क येथे सैन्याने सम्राट म्हटल्यापासून त्याचा नातलग ज्युलियन ३६३ साली इराणच्या मोहिमेत मारला जाईपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, गादीवर याच घराण्यातला कोणी ना कोणी होता, आणि ३२४ नंतर तर सबंध साम्राज्य याच घराण्याकडे होते. दोन पिढ्यांच्या सैनिकांनी दुसऱ्या घराण्याच्या नावाने शपथ घेतली असेल तर ती बंडखोरांपुढेच. ज्युलियन निपुत्रिक गेला. त्याच्यामागून आलेला जोव्हियन आठ महिन्यांत, फेब्रुवारी ३६४ मध्ये, वाटेतच वारला. मग सेनाधिकाऱ्यांनी व मुलकी अधिकाऱ्यांनी एकत्र बसून डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या व्हॅलेंटिनियन नावाच्या अधिकाऱ्याला निवडले आणि त्याने महिन्याभरात, २८ मार्चला, आपला धाकटा भाऊ व्हॅलेन्स याला सहसम्राट करून पूर्वेचा कारभार सोपवला.

या दुसऱ्या नेमणुकीविषयी अम्मियानुसने एक नमुनेदार प्रसंग नोंदवला आहे. सहकारी कोणाला नेमावे असे व्हॅलेंटिनियनने विचारल्यावर सगळे गप्प बसले. फक्त घोडदळाचा सेनापती दागालायफस म्हणाला, की आपल्या माणसांवर प्रेम असेल तर तुला भाऊ आहे, आणि राज्यावर प्रेम असेल तर कोणाला वस्त्रे द्यायची ते शोध. व्हॅलेंटिनियनला राग आला, पण तो गिळून त्याने वस्त्रे भावालाच दिली. व्हॅलेन्सपाशी मोठ्या सेनापतिपदाचा अनुभव नव्हता आणि नाव घ्यावे असा विजयही नव्हता. पूर्वेकडच्या अधिकारीवर्गाची भाषा ग्रीक, आणि ती त्याला धड येत नव्हती. त्याचा हक्क एकाच खुंटीला टांगलेला होता : तो व्हॅलेंटिनियनचा भाऊ होता.

प्रोकोपियसचा दावा दिसायला जड, पण आतून तोही पोकळच. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिलिशियात जन्मलेला हा माणूस ज्युलियनचा नातेवाईक होता, पण बहुधा आईच्या बाजूने, म्हणजे कॉन्स्टँटाइनचे रक्त त्याच्यात नसावे. दरबारी लेखनिकापासून चढत तो वरच्या हुद्द्यावर पोचला. ३६३ च्या मोहिमेत ज्युलियनने त्याला आणि सेबास्टियानस नावाच्या सेनानीला उत्तर मेसोपोटेमियात वेगळे सैन्य देऊन ठेवले. अम्मियानुसच्या हिशेबाने तीस हजारांचे. तेव्हाच एक कुजबुज पसरली : कार्‍हाय येथे देवळात, कोणी साक्षीला नसताना, ज्युलियनने आपला जांभळा झगा प्रोकोपियसला दिला आणि आपण मारले गेलो तर बेधडक गादीवर बस असे सांगितले. हे खरे असेलही, पण नसण्याचीच शक्यता अधिक. या कथेतला कळीचा शब्द ‘कोणी साक्षीला नसताना’ हाच आहे. ज्या व्यवस्थेत जयघोष, मिरवणूक, नाणे, मूर्ती हे सगळे चारचौघांत व्हावे लागते, तिथे बंद दाराआड दिलेला झगा काय कामाचा? प्रत्यक्ष सम्राट होण्याच्या दिवशी तर तो झगा हातातही नव्हता.

जोव्हियन गादीवर आल्यावर प्रोकोपियसकडे ज्युलियनचे शव टार्ससला नेऊन पुरण्याचे काम आले. ते उरकून तो नाहीसा झाला. कारण उघड होते : गादीसाठी ज्याचे नाव पुढे आले होते अशा एका अधिकाऱ्याला रात्री जेवणावरून उठवून कोरड्या विहिरीत ढकलून वरून दगड टाकले गेले होते. प्रोकोपियस आडरानात लपून राहिला, उपासमारीला कंटाळला, शेवटी कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या काल्सिडनमध्ये एका विश्वासू मित्राकडे आश्रयाला आला आणि तिथून वेष पालटून राजधानीत ये-जा करू लागला.

मराठी वाचकाच्या मनात इथे ‘तोतया’ हा शब्द येणे साहजिक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या आणि १७७६ साली देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाने तो शब्द आपल्याकडे पक्का केला. पण तोतया दुसऱ्याचे नाव घेतो. प्रोकोपियसने स्वतःचेच नाव लावले आणि दुसऱ्याचे नाते मागितले. रोमन लेखक अशा माणसाला ‘टिरॅनस’ म्हणत. या शब्दाचा अर्थ चौथ्या शतकापर्यंत जुलमी राजा एवढाच न राहता ‘हरलेला दावेदार’ असा होऊ लागला होता, आणि जिंकलेल्या दावेदाराला हा शब्द लागल्याचे क्वचितच आढळते.

शहर का वळले

प्रोकोपियसने दारूगोळा आणला नाही. तो आधीच ठासून भरलेला होता. व्हॅलेन्सचा सासरा पेट्रोनियस याला एका साध्या सैन्यतुकडीच्या प्रमुखपदावरून एकदम पॅट्रिशियन हा मानाचा किताब दिला गेला होता. त्याने थकबाकी वसुलीचा असा सपाटा लावला की सम्राट ऑरेलियनच्या काळापासूनची, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांपूर्वीची, देणी उकरून काढली. पणजोबाने न भरलेला सारा पणतूकडून वसूल होत असेल तर शहरातला माणूस सम्राट बदलण्याची वाट पाहणारच. त्यातच व्हॅलेन्स राजधानीत नव्हता. तो अँटिओककडे निघाला होता आणि सिलिशियाचा उन्हाळा ओसरेपर्यंत कॅपाडोशियातल्या सीझेरियात थांबला होता. गॉथ टोळ्या एकत्र येत असल्याची खबर आल्यामुळे त्याने काही फौज थ्रेसकडे पाठवली, आणि नेमक्या त्यातल्याच दोन तुकड्या, दिवितेन्सेस आणि तुंग्रेकानी, अनास्तासियाच्या स्नानगृहांत उतरल्या. प्रोकोपियसची त्यांच्यातल्या काहींशी जुनी ओळख होती. नोकरीवरून काढलेला युजेनियस नावाचा एक षंढ दरबारी पैशाची थैली घेऊन तयार होता. एका रात्रीत सौदा झाला.

सकाळची मिरवणूक पाहण्यासारखी असावी. छपरांवरून दगड आणि कौले पडतील या भीतीने सैनिकांनी ढाली डोक्यावर एकमेकींना भिडवून धरल्या होत्या, त्यांचा खणखणाट होत होता, आणि रस्त्यावरची माणसे ना विरोध करत होती ना जयजयकार. चौथऱ्यावर चढल्यावर प्रोकोपियसला बराच वेळ शब्दच फुटेना. मग त्याने थरथरत्या, तुटक आवाजात आपण राजघराण्याचे नातलग असल्याचे सांगितले. आधी भाडोत्री लोक ओरडले, मग गर्दी ओरडली. तिथून तो सिनेटगृहात गेला तर तिथे वरच्या दर्जाचे कोणीच नव्हते. मग घाईघाईने राजवाडा.

अम्मियानुसचा हा सगळा उपहास मनापासून वाटतो, परंतु त्याचीच मागची पाने उलटली की थबकायला होते. ३६० साली पॅरिसमध्ये सैनिकांनी ज्युलियनला ढालीवर उचलून सम्राट केले तेव्हा मुकुट कुठे होता? आधी बायकोच्या दागिन्याची सूचना आली, ती त्याने अशुभ म्हणून नाकारली. मग घोड्याच्या साजातली पट्टी सुचवली गेली, तीही नाकारली. शेवटी मॉरस नावाच्या निशाणबरदाराने स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. तिथेही सगळी उसनवारीच होती, तिथेही एका कायदेशीर सम्राटाविरुद्ध बंडच होते. फरक असा, की ज्युलियनशी लढायला निघालेला तेव्हाचा सम्राट, कॉन्स्टँटाइनचा मुलगा कॉन्स्टँटियस, ३६१ च्या नोव्हेंबरात वाटेतच आजारी पडून मेला आणि गळ्यातली साखळी मुकुट ठरली. प्रोकोपियसच्या हातातला कापडाचा तुकडा चिंधीच राहिला, कारण व्हॅलेन्स जगला. अम्मियानुस ज्युलियनचा चाहता होता आणि त्याने इतिहास लिहिला तो निकाल लागून पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, ही गोष्ट त्याचे वर्णन वाचताना नजरेआड होऊ देता कामा नये.

नाणे, पत्र आणि मुलगी

राजवाड्यात शिरल्यावर प्रोकोपियसने जे केले ते मात्र अननुभवी माणसाचे वाटत नाही. व्हॅलेंटिनियन मेला अशी आवई त्याने उठवली, आणि ती खरी वाटावी म्हणून पूर्वेकडून व गॉलमधून (आजच्या फ्रान्समधून) आलेल्या दूतांची सोंगे उभी केली. यात मर्म होते, कारण थोरला भाऊ नाही म्हटल्यावर व्हॅलेन्सची एकमेव खुंटी उपटली जाणार होती. प्रशासनप्रमुख नेब्रिडियस आणि नगरप्रमुख सीझेरियस यांना त्याने तुरुंगात टाकले. नेब्रिडियसकडून जबरदस्तीने एक पत्र लिहून घेतले आणि जणू व्हॅलेन्सच्याच आज्ञेवरून थ्रेसचा सेनापती ज्युलियस याला राजधानीत बोलावून पकडले. एका पत्राने थ्रेस हाती आला. ज्या सहीवर राज्य चालत होते तीच सही बंडाच्या कामी आली.

नाणीही लगेच पाडली गेली. कॉन्स्टँटियसच्या काळात, ३४८ च्या सुमारास, ‘फेल. टेम्प. रेपारातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, अशा अक्षरांची तांब्याची नाणी सर्वदूर पसरली होती. प्रोकोपियसने शब्दांचा क्रम बदलून ‘रेपारातिओ फेल. टेम्प.’ असे कोरले. चेहरा मात्र ज्युलियनसारखा दाढीवाला. बाजारात ते नाणे घेणाऱ्याला एकाच वेळी दोन्ही सम्राट आठवावेत अशी ती योजना होती. आणि ते दोघे एकमेकांचे वैरी म्हणून मेले, हे कोणी आठवू नये अशीही. बाल्कनच्या पश्चिम भागातल्या इलिरिकममध्ये मात्र ही नाणी घेऊन गेलेल्या हेरांना तिथला सेनापती एक्विटियस याने पकडून ठार केले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या खिंडी बंद करून टाकल्या. बंडाला पूर्वेबाहेर पडण्याची वाट त्या दिवशी संपली.

पण सर्वांत मोठी साक्ष वेगळीच होती. कॉन्स्टँटियसची विधवा फॉस्टिना राजधानीत होती, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली तिची मुलगी कॉन्स्टँटिया तेव्हा तीन-चार वर्षांची होती. कॉन्स्टँटाइनची ही नात. प्रोकोपियसने राजचिन्हे स्वीकारताना फॉस्टिनाला शेजारी ठेवले आणि पुढे कूच करताना, अगदी लढाईला उभे राहतानाही, मायलेकींना मेण्यात घालून बरोबर फिरवले, का तर सैनिकांनी राजवंशासाठी जिवावर उदार व्हावे. त्या मेण्यात बसलेल्या पोरीला काय कळत असेल? पण तिला काही कळण्याची गरज नव्हती. ती दिसणे पुरेसे होते. प्रोकोपियसकडे कागद नव्हता, झगा नव्हता, विजय नव्हता. हे एक मूल होते.

याची ताकद मिग्दस येथे दिसली. बातमी ऐकून व्हॅलेन्स इतका खचला की राजवस्त्रे उतरवून ठेवण्याचा विचार करू लागला. जवळच्यांनी त्याला कसेबसे सावरले. त्याने जोव्ही आणि व्हिक्टोरेस या दोन तुकड्या पुढे धाडल्या. सांगारियस नदीकाठी दोन्ही बाजू भिडणार, बाण-भाले सुटू लागलेले, इतक्यात प्रोकोपियस एकटाच मधल्या मोकळ्या जागेत धावला. समोरच्या रांगेत त्याला व्हिटॅलियानस नावाचा एक माणूस ओळखीचा वाटला. खरोखर ओळख होती की नाही याविषयी अम्मियानुसलाही शंका आहे. प्रोकोपियसने त्याला लॅटिनमधून प्रेमाने हाक मारली, पुढे बोलावले, हात हातात घेऊन चुंबन घेतले, आणि दोन्ही सैन्ये थक्क होऊन पाहत असताना तो बोलला : अनोळखी माणसांपायी रोमनांनी रोमनांवर तलवारी उपसाव्यात का? एका हलक्या पॅनोनियनासाठी आपण एकमेकांना मारायचे, की जो दुसऱ्याचे लुबाडायला नव्हे तर वाडवडिलांचे वैभव परत मिळवायला न्यायाने उभा राहिला आहे त्या राजवंशातल्या माणसाच्या मागे जायचे? समोरच्यांनी निशाणे झुकवली, त्याला सम्राट म्हटले, आणि जुन्या सैनिकी रिवाजाप्रमाणे ज्युपिटरची शपथ घेऊन प्रोकोपियस अजिंक्य राहील असे सांगितले. स्नानगृहाच्या चौथऱ्यावर ज्याची जीभ टाळ्याला चिकटली होती तोच हा माणूस. एकही लढाई न करता त्याने शत्रूच्या दोन तुकड्या घेतल्या.

पुढचे काही महिने त्याचेच होते. काल्सिडनला वेढा घालायला गेलेल्या व्हॅलेन्सला तटावरून लोक ‘साबायारियस’ म्हणून ओरडत. साबाया म्हणजे इलिरिकममधल्या गरिबांचे जवापासून केलेले पेय. राजाला कोणी तटावरून ‘ए ताडीवाल्या’ म्हणावे तसा हा प्रकार. वेढा उठवून तो जेमतेम निसटला. सीझिकसच्या बंदराच्या तोंडाशी ओढलेला लोखंडी साखळदंड आलिसो नावाच्या अधिकाऱ्याने ढालींच्या छपराखाली तीन नावा नेऊन, साखळी ठोकळ्यावर ठेवून, कुऱ्हाडीने तोडला, आणि व्हॅलेन्सचा खजिना ठेवलेले ते शहरही पडले.

थोरला भाऊ येत नाही

नोव्हेंबर ३६५ च्या सुरुवातीला व्हॅलेंटिनियन पॅरिसच्या वाटेवर असताना त्याला एकाच दिवशी दोन बातम्या मिळाल्या : आलेमान्नी या जर्मन टोळ्या ऱ्हाईन ओलांडून गॉल लुटत आहेत, आणि पूर्वेला प्रोकोपियस उठला आहे. भाऊ जिवंत आहे की नाही हेही त्याला कळेना. आधी तो परत फिरायला निघाला. गॉलच्या शहरांचे प्रतिनिधी आणि दरबारातले लोक विनवण्या करू लागले तेव्हा तो थांबला, आणि मग सांगत राहिला, की प्रोकोपियस हा आपला आणि आपल्या भावाचा शत्रू आहे, पण आलेमान्नी सगळ्या रोमन जगाचे शत्रू आहेत.

या वाक्याला कोणी राजकर्तव्य म्हणेल, कोणी हिशेब. मला त्यात एक विलक्षण कबुली दिसते. आपल्या भावाचे सिंहासन हा राज्याचा प्रश्न नाही, घरगुती प्रश्न आहे, असे स्वतः ज्येष्ठ सम्राट म्हणतो आहे. दागालायफसने दीड वर्षापूर्वी केलेला भेद, आपली माणसे एकीकडे आणि राज्य दुसरीकडे, व्हॅलेंटिनियनने आता स्वतःच मान्य केला. व्हॅलेन्सची एकमेव खुंटी भिंतीत होती, पण तिच्यावर भार टाकता येणार नव्हता.

म्हातारा आर्बिटिओ

बंड फिसकटले ते एका घराच्या लुटीमुळे. आर्बिटिओ हा कॉन्स्टँटाइनच्या हाताखाली साध्या शिपायापासून सेनापतिपदापर्यंत चढलेला, ३५५ साली कॉन्सल हे वर्षभराचे मानाचे पद भूषवलेला, आता निवृत्त असलेला म्हातारा. माणूस काही साधुसंत नव्हता. दरबारी कारस्थानांत त्याने बरीच माणसे बुडवली होती आणि त्या जोरावर घर भरले होते. प्रोकोपियसने गोमोआरियस आणि आगिलो हे कॉन्स्टँटियसच्या काळातले दोन निवृत्त सेनानी आपल्याकडे वळवले होते, तसाच आर्बिटिओही येईल असे त्याला वाटले. पुन्हा पुन्हा बोलावूनही म्हातारपण आणि आजारपण यांची सबब पुढे करून तो आला नाही, तेव्हा प्रोकोपियसने त्याचे मौल्यवान सामानाने भरलेले घर साफ करण्याचा हुकूम दिला. पैशाची गरज होती हे खरे. पण त्या घरातल्या सगळ्या चांदीपेक्षा म्हाताऱ्याचे तोंड अधिक मोलाचे होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

व्हॅलेन्सच्या ते ध्यानात आले. ३६६ च्या वसंतात त्याने आर्बिटिओला सन्मानाने बोलावून घेतले. पिकल्या केसांचा हा माणूस बंडखोरांच्या बाजूच्या सैनिकांपुढे उभा राहिला, प्रोकोपियसला उघड उघड दरोडेखोर म्हणाला, आणि त्या सैनिकांना ‘माझी मुले, माझ्या जुन्या कष्टांचे सोबती’ अशी हाक मारून, बुडायला निघालेल्या उडाणटप्पूऐवजी बापाच्या मागे या, असे सांगू लागला. आता दोन साक्षी समोरासमोर आल्या. एकीकडे मेण्यातली कॉन्स्टँटाइनची नात, दुसरीकडे कॉन्स्टँटाइनबरोबर प्रत्यक्ष लढलेला म्हातारा. नातीने फक्त दिसायचे होते. म्हातारा बोलू शकत होता, आणि शिपायांना नावाने ओळखणारी ती भाषा होती. मिग्दसला प्रोकोपियसने एका अनोळखी माणसाशी जी ओळख दाखवली, तीच इथे खरी होती. वंशाच्या नावाने मागितलेला हक्क, त्या वंशाच्या चाकरीत म्हातारा झालेल्या माणसाने नाकारला, यापुढे प्रोकोपियसकडे उत्तर नव्हते.

गोमोआरियस थ्यातिराजवळ व्हॅलेन्सला जाऊन मिळाला. शत्रूने वेढल्याचे सोंग करून पकडला गेला, एवढीच लाज त्याने राखली. मे महिन्यात फ्रिजियातल्या नाकोलियाजवळ शेवटची गाठ पडली. लढाई रंगात असतानाच आगिलो अचानक पलीकडे गेला आणि त्याच्यामागून रांगाच्या रांगा निशाणे आणि ढाली उलट्या धरून निघाल्या. पक्ष सोडल्याची ती ठरलेली खूण होती. प्रोकोपियस दोन सोबत्यांसह, फ्लोरेंटियस आणि बार्काल्बा यांच्यासह, डोंगरातल्या जंगलात पळाला. रात्रभर चांदणे होते आणि त्या उजेडाने भीती वाढतच होती, असे अम्मियानुस सांगतो. पहाटे सोबत्यांनीच त्याला बांधून व्हॅलेन्सच्या छावणीत नेले. त्याचा लगेच शिरच्छेद झाला. लगोलग त्या दोघांनाही मारले गेले. यावर अम्मियानुसची टिप्पणी मोजक्या शब्दांत सगळे प्रकरण उघडे करते : त्यांनी कायदेशीर राजाला दगा दिला असता तर त्यांचा वध न्याय्य म्हणता आला असता, पण त्यांनी दगा दिला तो बंडखोराला, तेव्हा त्यांना मोठे बक्षीस मिळायला हवे होते. व्हॅलेन्सने विश्वासघाताची शिक्षा दिली, म्हणजे त्या रात्रीपुरते प्रोकोपियसला राजा मानले, असा त्याचा तिरकस अर्थ होतो. व्हॅलेन्सला तो कळला असेल असे वाटत नाही.

निकालानंतर

प्रोकोपियसचे डोके पश्चिमेला व्हॅलेंटिनियनकडे पाठवले गेले. वाटेत फिलिप्पोपोलिस हे शहर अजून बंडखोरांच्या बाजूने दार लावून बसले होते. ते डोके तिथून नेताना दिसले तेव्हाच तिथल्या लोकांनी दार उघडले. राज्यभर चौकश्या, छळ आणि जप्त्या सुरू झाल्या. शिक्षांचे माप मात्र एकसारखे नव्हते. प्रोकोपियसने नेमलेले दोन मोठे अधिकारी, युफ्रेसियस आणि फ्रोनेमियस, व्हॅलेंटिनियनकडे न्यायासाठी पाठवले गेले. गुन्हा एकच, पण युफ्रेसियस सुटला आणि फ्रोनेमियसला काळ्या समुद्रापलीकडे हद्दपार केले, कारण तो ज्युलियनच्या मर्जीतला होता. प्रोकोपियसने नेमलेला प्रशासनप्रमुख आराक्सियस हा आगिलोचा सासरा होता. जावयाच्या शब्दावर तो एका बेटावर पाठवला गेला आणि थोड्याच दिवसांत तिथून निसटला.

सरहद्दीपलीकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. गॉथांनी प्रोकोपियसला तीन हजार माणसे पाठवली होती. व्हॅलेन्सच्या सेनापतीने जाब विचारला तेव्हा त्यांनी प्रोकोपियसचे पत्रच पुढे केले : मी कॉन्स्टँटाइनच्या नात्यातला असून हक्काची गादी घेतली आहे. ३३२ साली कॉन्स्टँटाइनशी केलेल्या कराराला जागून आपण त्याच्या वारसाला मदत केली, असे त्यांचे म्हणणे. एका परीने ते रोमन शिपायांपेक्षा अधिक सरळ होते. व्हॅलेन्सने ही सबब फेटाळली आणि ३६७ पासून तीन वर्षे डॅन्यूबपलीकडे युद्ध केले. शेवटी ३६९ साली नदीच्या मध्यावर नावेत तह झाला, कारण गॉथांचा प्रमुख अथानारिक रोमन भूमीवर पाय ठेवायला तयार नव्हता आणि पलीकडच्या काठावर जाणे सम्राटाला कमीपणाचे वाटत होते.

फॉस्टिनाचे पुढे काय झाले ते नोंदवलेले नाही. मुलीचे मात्र नोंदवलेले आहे. ३७४ साली, साधारण बारा वर्षांची कॉन्स्टँटिया पुन्हा एकदा प्रवासात दिसते, या वेळी नववधू म्हणून. व्हॅलेंटिनियनचा मुलगा आणि सहसम्राट ग्रेशियन याच्याशी तिचे लग्न ठरले होते. ज्या पॅनोनियनाला तिच्या नावाने हलक्या कुळाचा म्हटले गेले होते, त्याच्याच पुतण्याच्या घरात ती चालली होती. सिर्मियमपासून सव्वीस मैलांवर एका सरकारी मुक्कामी ती जेवत असताना क्वादी टोळ्यांनी डॅन्यूब ओलांडून आसपासचा मुलूख लुटायला सुरुवात केली. ती त्यांच्या हाती पडणार, इतक्यात प्रांताचा कारभारी मेस्साला याने तिला सरकारी गाडीत बसवले आणि घोडे भरधाव सोडून सिर्मियमच्या तटाआड नेले.